साठीनंतर रिमोटचं विमान : शौक कसा करायचा, नियम काय आणि गावाला आधी का सांगायचं

रिमोटवर उडणारं विमान म्हटलं की लोकांना पोरांचं खेळणं आठवतं. पण हा शौक खरा जमतो तो सकाळी मोकळा वेळ, हातात कारागिरी आणि अंगात धीर असलेल्या माणसाला. नोकरीतून निवृत्त झालेले, शेत पोरांच्या हाती दिलेले किंवा यंत्रमागाची दुरुस्ती करण्यात आयुष्य घातलेले असे लोक आपल्या कसमादे पट्ट्यात गावोगाव आहेत.

उडायची हौस मालेगावला नवी नाही. यंत्रमागावर काम करणाऱ्या माणसाला सुपरमॅन करून नासिर शेख यांनी इथंच सिनेमा काढला आणि त्यावरचा माहितीपट जगभर गाजला. शेजारच्या येवल्यात संक्रांतीला तीन दिवस आभाळ पतंगांनी भरतं. वाऱ्याचा अंदाज, ढील कधी द्यायची आणि ओढायचं कधी, हे ज्याला कळतं त्याचं अर्धं शिक्षण झालेलंच असतं.

विमान आणि ड्रोन यात फरक काय?

फवारणीचा ड्रोन आता बहुतेकांनी पाहिलाय. तो चार-सहा पंख्यांवर एका जागी थांबू शकतो, कारण त्यातला छोटा कॉम्प्युटर त्याला सावरत असतो. साधं मॉडेल विमान हवेत थांबत नाही. पंखाखालून हवा वाहिली तरच ते तरंगतं, वेग कमी पडला की खाली येतं. मात्र मोटार बंद पडली तरी घारीसारखं तरंगत उतरवता येतं. सावरायचं काम माणसाच्या हातात असतं आणि मजाही त्यातच आहे.

रिमोटवर मुख्य चार कामं असतात : मोटारचा वेग, नाक वर-खाली, शेपूट डावी-उजवीकडं आणि पंख कलवणं. आत बॅटरी, मोटार, रिसीव्हर आणि पट्ट्या हलवणारे छोटे सर्व्हो असतात. सांगाडा थर्माकोल, फोमशीट किंवा बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा. पुण्याचे सदानंद काळे अशी हातानं बनवलेली विमानं शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर उडवून दाखवत आलेत. एनसीसीच्या हवाई विभागातही एरोमॉडेलिंग शिकवतात.

पहिलं विमान पंख वरच्या बाजूला असलेलं, हलकं आणि हळू उडणारं घ्या. उडवण्याआधी तोल बघा. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर दोन बोटांवर ते सपाट राहिलं पाहिजे. शेपूट जड असेल तर विमान हाताबाहेर जातं.

वय झालं तर काय अडचण?

पहिली अडचण नजरेची. पांढरं विमान ढगात हरवतं. वरून भडक आणि खालून गडद रंग दिला की कोणती बाजू दिसतेय ते कळतं. सूर्य पाठीशी ठेवून उभं राहा. मोतीबिंदू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

दुसरी हाताची. बोटं थरथरत असतील तर रिमोटमधली एक्स्पो नावाची सेटिंग वापरा. त्यानं दांडी मधल्या भागात थोडी हलली तर विमान एकदम उसळत नाही.

तिसरी डोक्याची. विमान आपल्याकडं तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. सोपी युक्ती अशी : जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला दांडी ढकलायची. हे आधी कॉम्प्युटरवर सिम्युलेटरमध्ये घोटून घ्या. नातवाला सोबत घ्या. काही रिमोट एकमेकांना जोडता येतात, त्यामुळं शिकणाऱ्याचं चुकलं तर दुसरा सावरतो.

सकाळी वारा पडलेला असताना अर्धा तास उडवायचं, पडलेलं आणायला ढेकळांतून चालायचं, दुपारी सावलीत बसून मोडलेलं चिकटवायचं. घरात एकट्यानं टीव्हीसमोर बसण्यापेक्षा हा दिवस बरा जातो.

कायदा काय म्हणतो?

25 ऑगस्ट 2021 पासून देशात ड्रोन नियम 2021 लागू आहेत आणि रिमोटची विमानंही त्यात येतात. केवळ हौस किंवा शिक्षणासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं 25 किलोपर्यंतचं यंत्र मॉडेल समजलं जातं. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही.

पायलट प्रमाणपत्र वयाच्या 65 पर्यंतच मिळतं. पण दोन किलोपर्यंतचं यंत्र पैसे न कमावता उडवायला ते प्रमाणपत्रच लागत नाही. म्हणून सत्तरीतल्या माणसालाही हा मार्ग मोकळा आहे. यंत्राची सरकारी पोर्टलवर नोंदणी करून क्रमांक घेण्याचा नियम मात्र आहे. नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे भाग दाखवलेत. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचं नाही. नियम मोडला तर एक लाखापर्यंत दंड आहे. सण किंवा बंदोबस्ताच्या काळात पोलिसांचा मनाई आदेश निघाला तर विमान घरातच ठेवा.

गावाला आधी सांगा

2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना भागात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी बोलवा उठली. गावंच्या गावं रात्रभर जागी राहिली. अशा वातावरणात शेतात रिमोट घेऊन उभ्या असलेल्या अनोळखी म्हाताऱ्यावरही संशय येतो आणि जमाव ऐकून घेत नाही. म्हणून आधी पोलीस पाटील, सरपंच आणि शेजारच्या शेतकऱ्यांना सांगा, एकदा उडवून दाखवा. विमानावर नाव आणि मोबाईल नंबर लिहा. रात्री उडवू नका. कॅमेरा लावू नका. लोकांनीही विमान दिसलं की व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ टाकण्याआधी जाऊन विचारावं.

जीव सांभाळून

– कांदा किंवा बाजरी निघालेलं मोकळं रान बघा. विजेच्या तारा, रस्ता, विहीर आणि गुरं लांब हवीत.

– तारेवर अडकलेलं विमान बांबूनं काढू नका, वायरमनला बोलवा. विहिरीत पडलं तर गेलं समजा, त्यासाठी खाली उतरू नका.

– बॅटरी जोडली की पंखा कधीही फिरू शकतो, बोट कापतो. मागून धरा, समोर कुणाला उभं करू नका.

– लिथियम पॉलिमर बॅटरी चार्जिंगला लावून झोपू नका. लोखंडी घमेल्यात, कडबा आणि कांदाचाळीपासून दूर चार्ज करा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका.

– उभ्या पिकात विमान पडलं तर आधी मालकाला विचारा, मग आत जा. त्याचं पीक तुडवलं तर पुढच्या वेळी त्या शिवारात कुणी उभं करणार नाही.