गाणे आहे, पण वाजत का नाही?

कोल्हापुरात मोबाइल आणि कार-टेप दुरुस्तीचे काम करणाऱ्या आमच्या बांधवांना एक तक्रार वारंवार ऐकावी लागते. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह पुढे करतो आणि म्हणतो, "कॉम्प्युटरवर वाजतंय, गाडीत वाजत नाही. तुम्ही बसवलेला टेप खराब आहे." टेप बहुतेक वेळा खराब नसतो. फाइल त्याच्या ओळखीची नसते, एवढेच. हे गिऱ्हाइकाला सोप्या शब्दांत सांगता आले तर विकलेला माल परत येत नाही आणि जोडलेला माणूसही तुटत नाही.

कॅसेटच्या जमान्यात हा प्रश्न नव्हता. फिलिप्स कंपनीने 1963 साली कॅसेट काढली आणि तिचे माप जगभर एकच राहिले. मुंबईत घेतलेली कॅसेट दुबईच्या टेपमध्ये चाले. 1982 साली बाजारात आलेल्या सीडीचेही तसेच होते. सीडीमध्ये आवाजाचे दर सेकंदाला 44,100 नमुने घेतलेले असतात, त्यामुळे एका मिनिटाच्या स्टिरिओ गाण्याला सुमारे 10 एमबी जागा लागते. एवढा बोजा जुन्या कॉम्प्युटरला पेलणारा नव्हता. तेव्हा कानाला सहसा न जाणवणारा भाग गाळून फाइल लहान करण्याची रीत निघाली. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा यात मोठा वाटा होता. या फाइलला 1995 साली 'डॉट एमपी-थ्री' हे शेपूट मिळाले. 128 केबीपीएसच्या दराने केलेल्या एमपी-थ्रीला मिनिटाला साधारण 1 एमबी पुरतो.

पुढे प्रत्येक कंपनीने आपापली चूल मांडली. मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूएमए काढले, ॲपलने एएसीचा रस्ता धरला. एएसी त्याच आकारात एमपी-थ्रीपेक्षा बरा आवाज देते, यात वाद नाही, पण स्वस्तातल्या अनेक टेपना ते वाचता येत नाही. एमपी-थ्रीच्या परवान्याची वसुली मात्र 2017 साली बंद झाली. गाडीत, टेम्पोत, जुन्या होम थिएटरवर वाजवायचे असेल तर आजही एमपी-थ्रीच बिनधोक.

दुकानात पेन ड्राइव्ह आला की आधी फाइल नव्हे, पेन ड्राइव्हच तपासावा. 32 जीबीच्या वरची मेमरी कार्डे एक्सफॅट या पद्धतीने तयार होऊन येतात. जुना टेप फक्त फॅट-32 ओळखतो. त्याला त्या कार्डात काही आहे हेच दिसत नाही. गिऱ्हाइकाला 16 किंवा 32 जीबीचा घ्यायला सांगावे. जास्त विकण्याचा मोह इथे महागात पडतो. त्यानंतर फाइलचे शेपूट पाहावे. काही कारागीर एम-फोर-एचे नाव बदलून एमपी-थ्री करून देतात. डब्यावरची चिठ्ठी बदलून आतले तेल बदलत नाही. रीतसर रूपांतर करावे लागते. व्हॉट्सॲपवर आलेले व्हॉइस मेसेज ओपस नावाच्या प्रकारात असतात, तेही गाडीत हवे असतील तर बदलूनच द्यावे लागतात.

रूपांतरालाही मर्यादा आहे. 64 केबीपीएसची फाइल 320 ची केली तर ती फुगते, आवाज मात्र सुधारत नाही. चिपाड पुन्हा घाण्यात घालून रस निघत नाही, हे आपल्या गुऱ्हाळवाल्यांना वेगळे सांगायला नको. एकदा दाबलेली फाइल पुन्हा पुन्हा दाबली तर आवाज उलट बिघडत जातो.

गाण्याचे नाव मराठीत किंवा उर्दूत लिहिले की पडद्यावर चौकोन दिसतात, कारण टेपमध्ये ती अक्षरे नसतात. नावे रोमन लिपीत द्यावीत. पुष्कळ स्वस्त टेप गाणी नावाच्या क्रमाने न वाजवता भरलेल्या क्रमाने वाजवतात, म्हणून एकेक फोल्डर क्रमानेच भरावा.

आता एक अवघड गोष्ट. मेमरी कार्डात शेकडो गाणी भरून देण्याचा धंदा अनेकांनी केला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 खाली त्याला 6 महिने ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. 'सगळेच करतात' हा कोर्टात बचाव होत नाही. शिवाय आता गाणी फोनवर थेट ऐकायला मिळतात, त्यामुळे या धंद्यात धोका तेवढा उरला, कमाई उरली नाही.

हुनर असलेल्याला त्याहून चांगले काम समोर आहे. घराघरांत लग्नाच्या, मुशायऱ्याच्या, आजोबांच्या आवाजातल्या नातच्या, गल्फमधून पत्राऐवजी पाठवलेल्या निरोपाच्या कॅसेट पडून आहेत. घरच्या माणसांनीच भरलेल्या या कॅसेट त्यांच्याच घरासाठी फाइलमध्ये उतरवून द्यायच्या, यात चोरी नाही. आवाज एकदा गेला की गेला, याचा दाखला याच शहरात आहे. शाहू महाराजांच्या दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेब 1946 साली वारले. ज्यांच्यापासून जयपूर-अत्रौली घराणे चालले, त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र 1977 साली व्हॉयेजर यानांवरील तबकडीतून अंतराळात गेली. पाठवणाऱ्यांनी सोबत सुई दिली आणि तबकडी कशी वाजवायची त्याची चित्रे वेष्टनावर कोरली. आमच्या मते आमच्या दुकानदारांनी त्यांच्याकडून एवढे तरी उचलावे: फाइल देताना ती कशावर वाजेल हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

या कामाला भांडवल थोडे, धीर जास्त लागतो. लाइन-आउट असलेला चांगला कॅसेट डेक, साधा कॉम्प्युटर आणि हेड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल हवे. आपल्याकडच्या पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट साफ न करता लावली तर डेकही खराब होतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाची कॅसेटही. आत फीत दाबणारी स्पंजाची गादी निघाली असेल तर ती आधी बसवावी. आवाज दबका येत असेल तर हेडचा कोन बारीक स्क्रूने जुळवावा. पहिली नोंद वेव्ह प्रकारात करावी. तासाभराच्या कॅसेटला सुमारे 635 एमबी लागतात. तीच जपायला फ्लॅकमध्ये ठेवली तर साधारण निम्म्या जागेत बसते आणि आवाजाचा कणही जात नाही. गिऱ्हाइकाला ऐकायला एमपी-थ्री, जपायला फ्लॅक, अशा दोन प्रती द्याव्यात.

तासाची कॅसेट उतरवायला पूर्ण तास जातो, घाई चालत नाही. दर ठरवताना तो तास आणि साफसफाईचा वेळ धरावा. आणि मूळ कॅसेट परत करताना तिच्या मागच्या दोन्ही प्लास्टिकच्या पट्ट्या मोडून द्याव्यात, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरे काही भरले जाणार नाही.