विश्लेषण : बाइकची दुसरी किल्ली गेली कुठे? डुप्लिकेट करण्याआधी हे वाचा

नवी बाइक घेताना शोरूममध्ये दोन किल्ल्या हातात मिळतात. एक रोज खिशात फिरते, दुसरी कपाटात जाते आणि विसरली जाते. पहिली हरवली की दुसरीची आठवण येते, आणि ती हरवली की शोधाशोध सुरू होते. दोन्ही गेल्या तर खर्च शे-दोनशे रुपयांवरून थेट हजारांत जाऊ शकतो. त्यामुळे एक किल्ली हातात असतानाच दुसरी करून घेणे शहाणपणाचे.

किल्ली कुलूप कसे उघडते?

बहुतेक साध्या बाइकच्या कुलपात स्प्रिंगवर बसवलेल्या पातळ धातूच्या पट्ट्या असतात. किल्लीवरच्या खाचा या पट्ट्यांना ठरावीक उंचीवर आणतात. सगळ्या पट्ट्या जागेवर आल्या की कुलपाचा आतला भाग फिरतो. खाचेत मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक पडला, तरी किल्ली अडकू लागते.

कोणत्या किल्लीवरून नक्कल करावी?

कपाटातल्या, न वापरलेल्या किल्लीवरून. चावीवाल्याच्या मशिनमध्ये एका बाजूला मूळ किल्ली आणि दुसऱ्या बाजूला कोरी किल्ली बसवतात. मूळ किल्लीवर जे आहे, तेच कोरीवर उतरते, झीजसुद्धा. नकलेवरून पुन्हा नक्कल केली तर प्रत्येक वेळी थोडी चूक वाढत जाते. म्हणून मूळ किल्ली नकलांसाठी राखून ठेवा आणि रोज डुप्लिकेट वापरा.

दुकानातून निघण्यापूर्वी काय तपासावे?

शक्यतो बाइक सोबत न्या. किल्लीच्या कडेला धातूची कूस राहिली असेल तर ती कानशीने काढून घ्या. मग इग्निशन, हँडल लॉक, पेट्रोल टाकी आणि सीट किंवा साइड पॅनेल, जिथे जिथे तीच किल्ली लागते तिथे ती फिरवून पाहा. अडली तर जोर लावू नका. किल्ली आत तुटली तर काम आणखी वाढते.

काही बाइक आणि अनेक स्कूटरमध्ये इग्निशनवर झाकण असते. किल्लीच्या मुठीतल्या चुंबकाने ते उघडते. रस्त्यावर केलेल्या साध्या डुप्लिकेटमध्ये हा चुंबक नसेल, तर झाकण एकदा बंद झाले की ती किल्ली निरुपयोगी. त्यामुळे आधीच विचारा.

चिप असलेल्या किल्लीचे काय?

काही महागड्या बाइकमध्ये इमोबिलायझर असतो. किल्लीतल्या चिपचा कोड गाडीने ओळखला नाही, तर खाचा तंतोतंत जुळूनही इंजिन सुरू होत नाही. यामाहाच्या काही मोठ्या बाइकसोबत दोन काळ्या किल्ल्यांशिवाय एक लाल किल्ली मिळते. नव्या किल्लीची नोंद गाडीत करण्यासाठी ती लागते, त्यामुळे ती रोज वापरायची नसते. होंडाने 2023 मध्ये अॅक्टिव्हाला स्मार्ट की दिली. अशा किल्ल्यांसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरच गाठावे.

दोन्ही किल्ल्या हरवल्या तर?

नव्या गाडीसोबत किल्लीचा क्रमांक कोरलेला टॅग मिळाला असेल, तर तो घेऊन आधी डीलरकडे विचारा. काही मॉडेलची किल्ली त्या क्रमांकावरून मागवता येते. नाहीतर जाणकार कारागीर कुलूप पाहून किल्ली घडवू शकतो. तेही जमले नाही, तर संपूर्ण लॉकसेट बदलावा लागतो. आरसी आणि ओळखपत्र सोबत ठेवा. डिजिलॉकरमधली आरसीही चालते. कागद न मागता किल्ली करून देणाऱ्यापासून सावधच राहा, कारण तो तुमच्या बाइकची किल्ली दुसऱ्यालाही देईल.

विम्याशी काय संबंध?

बाइक चोरीला गेल्यावर विमा कंपन्या सहसा सर्व मूळ किल्ल्या मागतात. एकच दाखवली की दुसरी कुठे, हा प्रश्न येतोच, आणि उत्तर नसेल तर दावा रखडू शकतो. म्हणून किल्ली हरवल्या दिवशीच पोलिसांकडे नोंद करा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मात्र केवळ थर्ड पार्टी विमा असेल, तर चोरीची भरपाई मिळतच नाही.

जुनी बाइक घेताना?

दोन्ही किल्ल्या मागा. एकच मिळाली तर दुसरी कोणाच्या खिशात आहे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. अशा वेळी व्यवहारातच लॉकसेटचा खर्च धरा आणि तो बदलून घ्या.

आणि फोटो?

नव्या बाइकसोबतच्या फोटोत किल्ली हातात धरून मिरवण्याची पद्धत आहे. 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी सुमारे 60 मीटरवरून काढलेल्या फोटोवरून किल्लीच्या खाचा ओळखून दाखवल्या होत्या. त्यामुळे स्टेटसला बाइक जरूर दाखवा, किल्ली मात्र मुठीत ठेवा. टॅगचा फोटो काढून ठेवा, पण तो फक्त स्वतःपाशी.