कॅमेरा हातात आला, पुढे काय?

पदवी आणि पेशा : लेखांक ८

सुरतेत साडी आधी फोटोत विकली जाते आणि मग गठ्ठ्यात बांधली जाते. रिंगरोडवरच्या कापड बाजारातला व्यापारी नवा माल काढतो, तेव्हा त्याचा कॅटलॉग तयार होतो. पाच-सात साड्या, प्रत्येक साडी नेसलेली मॉडेल आणि मुखपृष्ठावर कॅटलॉगचं नाव. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून कोल्हापूरच्या, पाटण्याच्या, गुवाहाटीच्या दुकानदाराकडे जातात आणि तो त्यावरूनच ऑर्डर देतो. आता फोटोच्या जोडीला व्हिडिओ आले. दुकानातला माणूस गादीवर साडी उलगडतो, पदर दाखवतो, भाव सांगतो आणि शेकडो किलोमीटरवरचं गिऱ्हाईक फोनवर बघत बसतं. या सगळ्यामागे फोटो काढणारा, लाइट लावणारा, मेकअप करणारी, फोटोतला रंग मूळ कापडाशी जुळवणारा, व्हिडिओ कापणारा अशी माणसं राबत असतात. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली भागातल्या खानदेशी घरांतली मुलंही या कामात उतरली आहेत. त्यांचे वडील-आजोबा नंदुरबार, धुळे, जळगावाकडून तापी काठच्या रेल्वेनं आले ते यंत्रमागावर आणि डाइंग मिलमध्ये काम करायला. पुढच्या पिढीला त्याच कापडाचा फोटो काढायचा आहे.

अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो. पोरगं मोबाइलवर व्हिडिओ बनवतंच आहे, चार पैसेही मिळवतंय, मग तीन-चार वर्षं फी भरून ‘मास मीडिया’ कशाला करायचं? गेल्या आठवड्यात आपण टेक्स्टाइल डिझाइनचे अभ्यासक्रम पाहिले, तिथे हा प्रश्न येत नाही, कारण माग आणि रंगशाळा घरी नसते. कॅमेरा मात्र घरोघरी आहे. त्यामुळे पालकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं.

पहिली गोष्ट कबूल करायची. कॅमेरा चालवायला पदवी लागत नाही. 1984 साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ संघटनेत अमेरिकेतून आलेल्या मार्था स्टुअर्ट यांनी कष्टकरी बायकांना व्हिडिओ शिकवला. त्यांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हतं. भाजी विकणाऱ्या लीलाबेन त्यांच्यापैकीच. शिबिर संपलं आणि त्या बायकांनी स्वतःच्या जगण्यावर फिल्म करायला सुरुवात केली. ‘व्हिडिओ सेवा’ नावाचा त्यांचा विभागच उभा राहिला. आपल्या बाजूला मालेगावचं उदाहरण आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी यंत्रमागाच्या या गावात, गावातलीच माणसं घेऊन, तुटपुंज्या पैशांत ‘मालेगाव के शोले’ काढला. गावातल्या अशा चित्रपटांच्या खटाटोपावर पुढे फैझा अहमद खान यांनी माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा हिंदी चित्रपट 2025 मध्ये देशभर लागला. तिथे कुणी कुठला अभ्यासक्रम केलेला नव्हता.

मग विद्यापीठानं काय द्यावं? याचं उत्तर शोधायला सुरतेच्याच एका जुन्या प्रकरणाकडे जाऊ. सतराव्या शतकात सुरतेत भीमजी पारेख नावाचे मोठे व्यापारी होते. ईस्ट इंडिया कंपनीचे ते दलाल. आपल्याकडचे धर्मग्रंथ छापावेत असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी कंपनीकडे मुद्रक मागितला. 1674 मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक यंत्र, टाइप आणि कागद घेऊन मुंबईला उतरला. छापायचं कसं ते त्याला येत होतं. पण टाइप इंग्रजी होते आणि इथल्या लिपीची अक्षरं कोरणं, ओतणं हे त्याचं कामच नव्हतं. भीमजींनी आपली माणसं कामाला लावून अक्षरं पाडून पाहिली, काही पानं छापलीही, पण छापखाना रुजला नाही. गुजराती छपाईचा पहिला टिकाऊ छापखाना फर्दुनजी मर्झबान यांनी मुंबईत काढला तो 1812 साली. म्हणजे मध्ये जवळजवळ एकशे अडतीस वर्षं गेली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावर लिहिताना हे प्रकरण नोंदवलं आहे.

आजचा विद्यार्थी यंत्रासाठी कॉलेजात जात नाही, ते त्याच्या खिशात असतं. त्याला लागतात ती ‘अक्षरं’, म्हणजे त्या यंत्रातून काय, कुणासाठी आणि कुठल्या हक्कानं काढायचं याचं ज्ञान. माझं मत स्पष्ट आहे. जो अभ्यासक्रम वर्षभर फक्त सॉफ्टवेअर शिकवतो, तो घेऊ नये. तेवढं शिकायला वराछातल्या किंवा उधन्यातल्या क्लासचे तीन महिने पुरतात.

हक्काचा मुद्दा मी मुद्दाम आधी घेतो, कारण सुरतेत नुकसान तिथेच होतं. फोटोग्राफरला वाटतं, फोटो मी काढला म्हणजे माझा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं 17 वं कलम वेगळं सांगतं. कुणी मोबदला देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतला किंवा फिल्म करून घेतली आणि त्या दोघांत वेगळा करार झालेला नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे कॅटलॉगसाठी काढलेला फोटो व्यापाऱ्यानं पुढे पोस्टरवर, डब्यावर, दुसऱ्या राज्यातल्या जाहिरातीत कितीही वेळा वापरला, तरी फोटोग्राफर नंतर काही मागू शकत नाही. आधी दोन ओळींचा करार केला असता तर मागू शकला असता. डिझायनरचं तर आणखी अवघड. साडीचा छाप रजिस्टर करता येण्यासारखा असून डिझाइन कायद्याखाली रजिस्टर केला नाही आणि मालकाच्या संमतीनं तो यंत्रावर पन्नासपेक्षा जास्त वेळा निघाला, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. सुरतेत पन्नास साड्या म्हणजे सकाळचं काम. रजिस्टर केलं तर दहा वर्षं संरक्षण आणि अर्ज केल्यास आणखी पाच. माल बाजारात दाखवण्याआधीच हे करावं लागतं. नक्कल होते म्हणून बाजारात रोज ओरड असते, आणि ती थांबवायची वाट कायद्यात पडून आहे.

अहिराणी गाण्यांचंही तसंच. ‘केसावर फुगे’ हे गाणं खानदेशातून निघून सुरतेच्या वरातींत आणि पुढे सगळ्या महाराष्ट्रात वाजलं. असं गाणं लिहिणाऱ्या, चाल लावणाऱ्या मुलांना हजार-दोन हजार रुपये देऊन ‘सगळे हक्क दिले’ अशा कागदावर सही घेण्याची पद्धत आहे. पण 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा कागदावर लिहून सोडून देता येत नाही. सही केलेली असली तरी तो हक्क त्यांचाच राहतो. तो गोळा करून देणारी आयपीआरएस ही संस्था 1969 पासून आहे आणि तिचं सभासद होता येतं. स्वतःचा चॅनेल चालवणाऱ्या किती मुलांना हे ठाऊक आहे? जो विभाग माध्यम कायद्याचा पेपर गांभीर्यानं शिकवतो, त्याची फी या एका पेपरातही वसूल होते.

हा हक्क नसला तर काय होतं, हे सुरतेच्या विद्यापीठाच्या नावातच लिहिलेलं आहे. 1965 मध्ये दक्षिण गुजरात विद्यापीठ सुरू झालं आणि 2004 मध्ये त्याला कवी नर्मद यांचं नाव मिळालं. नर्मद सुरतेचे. 1858 साली त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीवरच जगायचं ठरवलं. 1864 मध्ये मित्रांसोबत ‘दांडियो’ हे पाक्षिक काढलं, रूढींवर कडक लिहिलं, गुजरातीचा मोठा शब्दकोश एकट्यानं तयार केला. पैशांची ओढाताण मात्र संपली नाही. चोवीस वर्षांनी, 1882 मध्ये, त्यांना मुंबईत एका धर्मादाय संस्थेत नोकरी धरावी लागली आणि चारच वर्षांत ते गेले. एवढ्या प्रतिभेच्या माणसालाही लिहिण्यावर घर चालवता आलं नाही. त्या नावाच्या विद्यापीठात माध्यमं शिकणाऱ्या प्रत्येक मुलानं ही गोष्ट वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी गोष्ट प्रेक्षकाची. गुजरातेत याचा फार चांगला धडा घालून दिलेला आहे. 1975 च्या ऑगस्टपासून वर्षभर इस्रोनं उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे 2400 गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचवले. त्याच सुमाराला खेडा जिल्ह्यात पीज इथल्या लहान ट्रान्समीटरवरून स्थानिक कार्यक्रम सुरू झाले आणि ते वर्ष संपल्यावरही चालू राहिले. निर्माते आधी गावात जाऊन बसत, लोकांचे प्रश्न ऐकत, मग कार्यक्रम करत आणि तो दाखवून झाल्यावर पुन्हा विचारायला जात. मजुरी, हुंडा, अस्पृश्यता हे विषय गावच्याच बोलीत पडद्यावर आले. 1984 मध्ये युनेस्कोनं या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठी पुरस्कार दिला. जनसंवादाच्या अभ्यासात ‘प्रेक्षक संशोधन’ म्हणतात ते हेच. आज ‘व्ह्यूज’चा आकडा दिसतो म्हणून मुलांना वाटतं की प्रेक्षक कळला. व्हिडिओ दहाव्या सेकंदाला का सोडला, साडी बघूनही का घेतली नाही, हे माणसाला विचारल्याशिवाय कळत नाही. विचारायचं कसं, नमुना कसा निवडायचा, उत्तर मिळाल्यावर त्यावर विश्वास किती ठेवायचा, याची शिस्त वर्गात लागते.

आणि तिसरी भाषा. सुरतेतल्या खानदेशी मुलाच्या तोंडात घरी अहिराणी, महापालिकेच्या मराठी शाळेतली मराठी, रस्त्यावरची गुजराती आणि बाजारातली हिंदी असते. घरच्यांना ही ओढाताण वाटते, मुलगा कुठल्याच भाषेत धड नाही असं ते म्हणतात. जाहिरात आणि मजकूर लेखनाच्या धंद्यात मात्र हीच मोठी जमा आहे, कारण सुरतेचा माल या चारही भाषांत विकायचा असतो. अट एकच, एका तरी भाषेत स्वच्छ लिहिता आलं पाहिजे. याला सुरतेत जुना आधार आहे. मराठीचं व्याकरण 1836 साली लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवायला आले. तिथे दुर्गाराम मेहताजींशी त्यांची मैत्री जमली आणि 1844 मध्ये त्यांनी इतर सहकाऱ्यांसह मानवधर्म सभा काढली. एक मराठी, एक गुजराती, दोघंही मास्तर, आणि सुरतेतल्या सुधारणेच्या चळवळीची सुरुवात त्यांच्यापासून. 1863 पासून चालू असलेलं ‘गुजरातमित्र’ही याच शहरातलं. या शहराला दोन भाषांतून विचार करण्याची सवय आहे.

आता जायचं कुठे ते थोडक्यात. उधना–मगदल्ला रस्त्यावरच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात पत्रकारिता आणि जनसंवादाचा विभाग आहे, आणि उधना-पांडेसऱ्याच्या मुलांना घरून जाऊन-येऊन शिकता येतं, हा मोठा फायदा. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांचे प्रवेश 2024 पासून जीकॅस या एकाच पोर्टलवरून होतात, त्यामुळे बारावीच्या निकालाआधीच तिथे नोंदणी करून ठेवावी. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात पत्रकारिता आणि संवादाची स्वतंत्र विद्याशाखा आहे. मराठीतून काम करायचं असेल तर जळगावचं बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जवळ पडतं, आणि पुण्यात 1964 पासून चालणारा रानडे इन्स्टिट्यूटचा विभाग आहे. जाहिरात आणि ब्रँडच्या कामात पुढे जायचं असेल तर पदवीनंतर अहमदाबादची मायका, 1991 ची संस्था. तिची फी मोठी आहे, कर्ज काढायचं तर पूर्ण हिशेब करून काढावं. माध्यमाची पदवी घेण्यासाठी विज्ञान शाखा लागत नाही, कुठल्याही शाखेची बारावी बहुतेक ठिकाणी चालते.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. माहितीपत्रकावर आणि त्यातल्या स्टुडिओच्या चकचकीत फोटोवर जाऊ नका. विभागात प्रत्यक्ष जा आणि गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेलं काम बघायला मागा: त्यांनी काढलेला अंक, केलेली फिल्म, घेतलेल्या मुलाखती. माध्यम कायदा कोण शिकवतं ते विचारा. दुसऱ्या वर्षी कुठे काम करायला पाठवतात आणि तिथे विद्यावेतन मिळतं का, तेही विचारा. दाखवण्यासारखं काम त्यांच्याकडे नसेल, तर फी कितीही कमी असली तरी तिथे प्रवेश घेऊ नका.

(पुढील लेखांकात : नाट्य आणि ध्वनी विषयांचे अभ्यासक्रम)