धाटातला टणकपणा

सकाळी गव्हाण साफ करताना हाताला काय लागतं? पानं नि शेंडे रात्रीतच फस्त झालेले. उरतात ती बुडाकडची जाड धाटं. कडबा कुट्टी करून टाकला तरी म्हैस जिभेनं मऊ तेवढं वेचते आणि कांड्यांचे तुकडे बाजूला सारते. तिला नकोशा वाटणाऱ्या या टणकपणाचं नाव लिग्निन. सेल्युलोज म्हणजे मुळात साखरेच्याच साखळ्या. त्यांच्यावर हा गिलावा बसलेला असतो. त्याच्यामुळे झाड ताठ उभं राहतं आणि त्याच्यामुळेच ते पचत नाही. गेली तीसेक वर्षं शास्त्रज्ञ जनुकं बदलून हा गिलावा पातळ करू पाहताहेत.

याची सुरुवात मात्र निसर्गानंच करून ठेवली होती. १९२४ साली अमेरिकेत मिनेसोटात मक्याची काही रोपं वेगळी दिसली. पान उलटून पाहिलं की मधली शीर तपकिरी. या मक्यात लिग्निन कमी असतं आणि जनावरांना तो जास्त पचतो, हे नंतर कळलं. १९७८ साली पर्ड्यू विद्यापीठात बियाण्यावर रसायनांची प्रक्रिया करून तशीच ज्वारी काढली गेली. पण अशा वाणांचा उतारा कमी पडे, आणि वाऱ्यात ती लोळण्याची भीती असे.

१९९४ मध्ये तंबाखूच्या रोपात लिग्निन घडवणारं एक एन्झाइम जनुकीय तंत्रानं दाबलं, तर खोडाच्या आतल्या भागाला लालसर तपकिरी रंग चढला. मक्याच्या शिरेतलं रहस्य प्रयोगशाळेच्या हाती आलं होतं. १९९९ साली व्हिन्सेंट चियांग यांच्या गटानं ॲस्पेन झाडांत लिग्निन ४५ टक्क्यांपर्यंत घटवलं. सेल्युलोज १५ टक्क्यांपर्यंत वाढलं. तेव्हा डोळ्यांपुढे होते लाकडातलं लिग्निन काढून टाकणारे कागदाचे कारखाने.

मग तेलाचे भाव चढले. जानेवारी २००६ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी संसदेपुढच्या भाषणात इंधनासाठी चक्क स्विचग्रास या गवताचं नाव घेतलं. पुढच्या वर्षी कायदा झाला: २०२२ पर्यंत काडीकचऱ्यापासून वर्षाला १६ अब्ज गॅलन इंधन. त्याच वर्षी ओक्लाहोमातल्या आर्डमोर गावच्या नोबल फाउंडेशनमधून फँग चेन आणि रिचर्ड डिक्सन यांचा शोधनिबंध आला. लसूणघासातली लिग्निन घडवणारी सहा एन्झाइमं त्यांनी एकेक करून दाबली होती. काही रोपांच्या पेशीभित्तिकांतून इथेनॉलसाठी आंबवायची साखर जवळजवळ दुप्पट सुटली, काहींना तर आधी आम्लात शिजवण्याचीही गरज उरली नाही. एक मेख होती. लिग्निन फारच उतरलं की रोप खुजं राही. साखर दुप्पट, पण पेंढीच लहान, मग शेतकऱ्याच्या पदरात काय?

बेल्जियममध्ये घेंटजवळ लावलेल्या कमी-लिग्निन पॉप्लर झाडांचंही तेच झालं. सरकारनं आधी परवानगी नाकारली, मग दिली, आणि २००९ मध्ये झाडं शेतात गेली. साल सोलली की लाकडावर लाल डाग, कुठे गडद, कुठे नाहीच. गडद लाल लाकडातून इथेनॉल १६१ टक्क्यांपर्यंत जास्त निघालं. पण झाडांची वाढच खुंटली आणि एकूण हिशेबात तो नफा बुडाला. प्रयोगशाळेतली टक्केवारी वाचताना मला हे लाल डाग नेहमी आठवतात.

तिकडे काडीकचऱ्यापासून इंधन बनवणाऱ्या कारखान्यांची आणखी वाईट गत. कॅन्ससमधलं ह्यूगोटन, आयोवातली एमेट्सबर्ग आणि नेवाडा, तिन्ही ठिकाणचे मोठे प्रकल्प २०१४-१५ मध्ये सुरू झाले आणि २०१९ संपेपर्यंत एकामागोमाग थंडावले. तेल स्वस्त झालं हे खरं, पण माती-खड्यांसकट येणारे कडब्याचे गठ्ठे यंत्रात सुरळीत घालणं हीच मोठी डोकेदुखी होती. जनुकाकडे त्यावर उपाय नव्हता.

बाजारात पोचला तो लसूणघास, तोसुद्धा इंधनासाठी नव्हे. घास फुलावर येईपर्यंत थांबलं तर वजन भरतं, पण काडी टणक होते. लवकर कापला तर कोवळा, पण माल थोडा. हा पेच कुठल्याही घासवाल्याला ठाऊक असतो. एक एन्झाइम दाबलेल्या कमी-लिग्निन घासाला अमेरिकी कृषी खात्यानं नोव्हेंबर २०१४ मध्ये मोकळीक दिली. काही वर्षांत 'हार्वएक्स्ट्रा' नावानं बियाणं विकायला आलं. कापणी आठवडा-दहा दिवस लांबली तरी प्रत टिकते, असं विकणारे सांगतात. सोबत तणनाशक सोसणारं जनुकही जोडलेलं, त्यामुळे जुना वाद मागे लागलाच: मधमाश्या परागकण शेजारच्या शेतात नेणार, आणि चीनसारखं गिऱ्हाईक जनुकबदलाचा अंश असलेला घास परत पाठवणार.

इंधनाच्या नावानं निघालेली ही वाट अखेर गोठ्यात उतरली, आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. गायीचं पोट हा जुना, चालू असलेला कारखाना आहे.

आपल्याकडे असं वैरणीचं जनुकबदल पीक शेतात नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला वर्षाकाठी दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनवण्याचा प्रकल्प सुरू झाला. तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं, पेंढा मात्र शेतकऱ्याच्या खाचरातला, जसाच्या तसा.