धर्मश्रद्धा व चिकित्सा

धर्माची तत्त्वे, ग्रंथ, आचार व संस्था यांचे बुद्धीच्या कसोटीवर केलेले परीक्षण म्हणजे धर्मचिकित्सा; आणि धर्मतत्त्व सत्य व पूज्य मानून त्यावर ठेवलेली निष्ठा म्हणजे धर्मश्रद्धा. विश्लेषक विचार वाढला की श्रद्धा क्षीण होते, असे सामान्यतः मानले जाते. तथापि या दोहोंचा संबंध इतका सरळ नाही. चिकित्सेतून कधी अश्रद्धा निर्माण होते, कधी जुनी श्रद्धा शुद्ध होते, तर कधी नव्या श्रद्धेचा स्वीकार होतो. या तिन्ही परिणतींची उदाहरणे आधुनिक महाराष्ट्राच्या इतिहासात आढळतात. त्यांपैकी तिसऱ्या प्रकारचे सर्वांत मोठे उदाहरण नासिक जिल्ह्यातील येवला या गावाशी निगडित आहे. तेथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१८९१–१९५६) यांनी हिंदू धर्माचा त्याग करण्याचा आपला निश्चय जाहीर केला.

परंपरेतील स्थान : भारतीय दर्शनांत तर्काला मानाचे स्थान आहे; परंतु त्याच्या अधिकाराची मर्यादा दर्शनागणिक बदलते. चार्वाकांनी प्रत्यक्ष हेच प्रमाण मानून वेद, परलोक व यज्ञ यांचा निषेध केला. नैयायिकांनी उलट तर्काचा उपयोग आस्तिक मताच्या समर्थनार्थ केला. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांचा न्यायकुसुमांजलि हा अनुमानाने ईश्वरसिद्धी करणारा प्रसिद्ध ग्रंथ होय. पूर्वमीमांसकांनी वेद अपौरुषेय मानले, पण वेदांना कर्ता म्हणून ईश्वराची आवश्यकता त्यांना वाटली नाही. म्हणजे सूक्ष्म तर्क व वेदप्रामाण्य ही एकाच संप्रदायात सुखाने नांदत होती. मनुस्मृतीत हेतुशास्त्राच्या आधारे श्रुति-स्मृतींची अवहेलना करणाऱ्यास बहिष्कृत करावे असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात वेदाला विरोध न करणाऱ्या तर्काने धर्म जाणावा, असेही म्हटले आहे. तर्काला मुभा, पण ठरवून दिलेल्या कुंपणाच्या आत, असा या व्यवस्थेचा आशय होता.

बौद्ध परंपरेत हे कुंपण बरेच सैल आहे. अंगुत्तरनिकायातील कालामसुत्तात केसपुत्त येथील कालामांना बुद्धांनी केवळ परंपरा, ग्रंथप्रामाण्य वा गुरूविषयीचा आदर यांमुळे एखादे मत स्वीकारू नये, ते कुशल व हितकर असल्याचे स्वतः जाणल्यावरच स्वीकारावे, असा उपदेश केल्याचे वर्णन आहे. मात्र तेथे शुष्क तर्कही पुरेसा मानलेला नाही. आचरणातून येणाऱ्या अनुभवाला महत्त्व दिले आहे.

पाश्चात्त्य विचारातही हा वाद जुना आहे. इब्न रुश्द (११२६–९८) व टॉमस अक्वाय्‌नस (सु. १२२५–७४) यांनी बुद्धी व धर्मप्रकटन यांत खरा विरोध असू शकत नाही असे मानले. डेव्हिड ह्यूम (१७११–७६) यांनी चमत्कारांच्या साक्षीवर मूलगामी आक्षेप घेतले. विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये पुरेशा पुराव्यावाचून काहीही खरे मानणे हा नैतिक दोष ठरविला. तर विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये असे प्रतिपादन केले, की जेथे निवड टाळता येत नाही आणि पुरावा निर्णायक नसतो, तेथे श्रद्धेने निर्णय घेण्याचा माणसाला अधिकार आहे.

महाराष्ट्रातील धर्मचिकित्सा : वारकरी संतांनी कर्मकांड व जातिगर्व यांवर टीका केली, पण ती भक्तीच्या अधिष्ठानावरून होती. धर्मसंस्थेचीच बुद्धिनिष्ठ तपासणी एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) व रा. गो. भांडारकर (१८३७–१९२५) प्रभृतींनी प्रार्थनासमाजाच्या (स्थापना १८६७) द्वारा मूर्तिपूजा व ग्रंथप्रामाण्य नाकारले, परंतु एकेश्वरवाद व भक्ती राखली. जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. धर्मग्रंथ हे विशिष्ट वर्गाच्या स्वार्थासाठी रचले गेले, असे त्यांचे विश्लेषण होते. तरीही सर्व मानवांना समान लेखणाऱ्या ‘निर्मिका’वरील श्रद्धा त्यांनी सोडली नाही, त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकात तिचे विवेचन आहे. गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांची चिकित्सा मात्र अज्ञेयवादापर्यंत पोहोचली. १८८८ मध्ये सुरू केलेल्या सुधारक पत्रातून त्यांनी रूढींवर हल्ला चढविला. पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–९४) यांनी हिंदुधर्माची समीक्षा या ग्रंथात शास्त्रपारंगत पंडिताच्या अधिकाराने धर्माचे ऐतिहासिक व तात्त्विक परीक्षण केले.

या विचारवंतांची साधने जवळपास सारखीच होती. निष्कर्ष मात्र भिन्न होते. यावरून असे दिसते, की चिकित्सा कोठे नेऊन सोडते हे केवळ तर्कशक्तीवर अवलंबून नसते. कोणता प्रश्न विचारला जातो आणि तो विचारणाऱ्याच्या वाट्याला कोणते जीवन आलेले असते, यांवरही ते अवलंबून असते.

येवल्याची घोषणा : पैठणी वस्त्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या येवला येथे ऑक्टोबर १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील दलित वर्गाची परिषद भरली. सु. दहा हजार लोक उपस्थित होते. तत्पूर्वीच्या आठ वर्षांत आंबेडकरांनी हिंदू समाजाच्या चौकटीत राहून समानतेचे हक्क मिळविण्याचे दोन मोठे प्रयत्न केले होते : महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह (२० मार्च १९२७) आणि नासिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह (२ मार्च १९३० पासून). पहिल्याने पाणी पिण्याच्या साध्या हक्कासाठी दीर्घ न्यायालयीन लढा ओढवून आणला, दुसरा सु. पाच वर्षे रेंगाळूनही मंदिराचे दार उघडले नाही. येवल्याच्या भाषणात त्यांनी या प्रयत्नांत खर्ची पडलेला काळ, पैसा व श्रम यांचा हिशेब मांडला. ज्या धर्मात समान दर्जा मिळत नाही त्याच्याशी संबंध तोडावा, मात्र नवा धर्म निवडताना समान दर्जा, समान संधी व समान वागणूक यांची खात्री करून घ्यावी, असे सांगितले. हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून आपण मरणार नाही, असा त्यांच्या घोषणेचा आशय होता. नासिकचा सत्याग्रह थांबविण्याचा सल्लाही त्यांनी दिला.

या घोषणेचे वैचारिक महत्त्व तिच्या गृहीतकात आहे. धर्म हा वंशपरंपरेने प्राप्त होणारा वारसा नसून परीक्षेअंती स्वीकारण्याची किंवा नाकारण्याची गोष्ट आहे, असे तीत मानलेले होते. महात्मा गांधींचा आक्षेप नेमका याच मुद्द्यावर होता. धर्म घरासारखा वा अंगरख्यासारखा इच्छेनुसार बदलता येत नाही. तो देहापेक्षाही माणसाच्या आत्म्याशी अधिक निगडित असतो, असे त्यांचे मत होते. धर्म आवश्यक आहे हे आंबेडकरांना मान्य होते. मात्र वडिलोपार्जित धर्म आपल्या मूल्यांना विरोधी ठरत असेल, तर केवळ तो वडिलोपार्जित आहे म्हणून त्यास चिकटून राहणे त्यांनी अमान्य केले. धर्माची आवश्यकता दोघांनाही मान्य होती. वाद होता तो धर्म पारखण्याच्या माणसाच्या अधिकाराविषयी.

कसोट्यांची मांडणी : येवल्याच्या घोषणेपासून प्रत्यक्ष धर्मांतरापर्यंत एकवीस वर्षे गेली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, परंतु मंडळाने परिषद रद्द केल्यामुळे न झालेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये जातिप्रथेचे निर्मूलन या आशयाच्या इंग्रजी शीर्षकाने प्रसिद्ध केले. त्यात नियमांचा धर्म व तत्त्वांचा धर्म असा भेद केला आहे. नियम यांत्रिकपणे पाळले जातात. तत्त्व माणसाला विचार करावयास लावते व त्याच्यावर जबाबदारी टाकते. श्रुती, स्मृती व सदाचार यांनाच प्रमाण मानणाऱ्या व्यवस्थेत विवेकाला जागा उरत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. कोलंबिया विद्यापीठात (१९१३–१६) शिकत असताना लाभलेल्या जॉन ड्यूई यांच्या विचारांचा प्रभाव या मांडणीत दिसतो. १९३६ च्या मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत त्यांनी धर्मांतराची सामाजिक व आध्यात्मिक बाजू सविस्तर मांडली. याच काळात शीख धर्माचाही त्यांनी गांभीर्याने विचार केला.

१९५० मध्ये महाबोधी या नियतकालिकातील लेखात त्यांनी धर्माच्या कसोट्या स्पष्ट केल्या. धर्माने समाजाला नीतीचे अधिष्ठान द्यावे. तो बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी, सुसंगत असावा. स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे त्याने मान्य करावीत. आणि दारिद्र्याला त्याने पावित्र्य देऊ नये. या कसोट्यांना बौद्ध धर्म उतरतो असा निष्कर्ष काढून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी त्याचा स्वीकार केला.

स्वीकारलेल्या धर्मालाही त्यांनी हीच कसोटी लावली. मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात (मूळ इंग्रजी) वृद्ध, रोगी व मृत यांच्या दर्शनाने सिद्धार्थाने गृहत्याग केला ही परंपरागत कथा त्यांनी अग्राह्य ठरविली. शाक्य व कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे गृहत्यागाचे कारण मानले. चार आर्यसत्ये, कर्म व पुनर्जन्म यांविषयीही त्यांनी प्रश्न उपस्थित केले. जे बुद्धिसंगत तेच बुद्धवचन मानता येईल, असा निकष त्यांनी सुचविला. पारंपरिक बौद्ध विद्वानांपैकी काहींना ही मांडणी मान्य झाली नाही. बुद्धिसंगत तेवढेच प्रमाण मानल्यास मूळ शास्त्याऐवजी परीक्षकाचीच बुद्धी अंतिम प्रमाण ठरते, ही अडचण तीत आहे. परंतु तर्काला कुंपण घालणारी जुनी व्यवस्था नाकारल्यावर नवे कुंपण उभारण्यास नकार देणे हे त्यांच्या भूमिकेशी सुसंगत होते.

चिकित्सा व समूह : एका व्यक्तीने प्रदीर्घ अभ्यासानंतर काढलेला निष्कर्ष लाखो लोकांनी स्वीकारला, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांनी धर्मग्रंथांचा तौलनिक अभ्यास केलेला नव्हता. त्यांचा विश्वास प्रामुख्याने नेत्यावर होता. म्हणून त्यांच्या कृतीत विचार नव्हता असे म्हणता येत नाही. पाणवठा, मंदिर, शाळा व गावकी यांतील अपमानाचा अनुभव हाच त्यांचा पुरावा होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या तपासलेला होता. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या सु. २८ लाख भरली. २०११ मध्ये ती सु. ६५ लाख होती. तथापि चिकित्सेतून स्वीकारलेला धर्म पुढील पिढीला जन्मानेच मिळतो आणि मग त्याचेही वारशात रूपांतर होण्याचा संभव असतो. घोषणेच्या स्मरणार्थ येवल्यात मुक्तिभूमी हे स्मारक उभारलेले असून १३ ऑक्टोबरला तेथे अनुयायी एकत्र येतात. अशा स्मरणातून मूळ परीक्षकवृत्ती टिकते की केवळ पूज्यभाव उरतो, हा प्रश्न कोणत्याही बुद्धिप्रधान धर्माला टाळता येत नाही.

मानसशास्त्रीय संशोधन : एकविसाव्या शतकात या संबंधाचा प्रायोगिक अभ्यास सुरू झाला. मनाच्या दोन कार्यपद्धती त्यात कल्पिल्या जातात : त्वरित व आपोआप चालणारा सहजबोध आणि सावकाश, प्रयत्नपूर्वक होणारे विश्लेषण. शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये यासाठी एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. उदा., बॅट व चेंडू यांची एकत्रित किंमत ११० रुपये असून बॅट चेंडूपेक्षा १०० रुपयांनी महाग असेल, तर चेंडूची किंमत किती? मनात चटकन येणारे १० हे उत्तर चूक असून ५ हे बरोबर आहे. अशा चाचण्यांत अधिक गुण मिळविणाऱ्यांत धर्मश्रद्धेचे प्रमाण काहीसे कमी असल्याचे काही अभ्यासांत आढळले. विल जर्व्हेस व आरा नोरेंझायन यांनी २०१२ मध्ये रोदँच्या ‘विचारमग्न’ या शिल्पाचे चित्र पाहिल्यानेही श्रद्धा तात्पुरती घटते असा निष्कर्ष मांडला. परंतु २०१७ मध्ये अधिक मोठ्या नमुन्यावर हा प्रयोग पुन्हा केला असता तो परिणाम आढळला नाही. २०१८ मध्ये तेरा देशांतील माहितीवर आधारलेल्या अभ्यासात विश्लेषकता व अश्रद्धा यांचा संबंध एकंदरीत क्षीण असून देशोदेशी बदलतो, असे दिसून आले. त्या अभ्यासाच्या लेखकांत स्वतः जर्व्हेसही होते. श्रद्धेच्या जडणघडणीत बुद्धीच्या धाटणीपेक्षा संगोपन व सभोवतालचा समाज यांचा वाटा अधिक असावा, या मताला त्यामुळे बळ मिळाले.

सामाजिक व वैधानिक बाजू : भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सद्‌सद्‌विवेकबुद्धीचे व धर्माचे स्वातंत्र्य दिले आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन व शोधकबुद्धी यांचा विकास करणे हे नागरिकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. श्रद्धा व अंधश्रद्धा यांत भेद करून कार्य करणाऱ्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची स्थापना १९८९ मध्ये झाली. तिचे प्रवर्तक नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अनेक वर्षे प्रयत्न केले, तो त्याच वर्षी संमत झाला. शोषण व इजा करणाऱ्या कृतींना प्रतिबंध करणे हे त्याचे उद्दिष्ट असून श्रद्धेची सत्यासत्यता तो ठरवीत नाही.

चिकित्सा श्रद्धेचा नाश करतेच असे नाही आणि श्रद्धा चिकित्सेला रोखतेच असेही नाही. मात्र चिकित्सेचा अधिकार कोणाला आहे, या प्रश्नावर समाजव्यवस्थेचे स्वरूप अवलंबून असते. शास्त्रार्थाची मुभा पंडितांना फार पूर्वीपासून होती. ज्यांना शास्त्र ऐकण्याचीही मनाई होती, त्यांनी शास्त्राची परीक्षा करून आपला निर्णय जाहीर करावा, ही येवल्यात घडलेली गोष्ट म्हणूनच धर्मचिकित्सेच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा मानली जाते.