पडवीतील आमरी : पाणी, ऊब व दमट हवा

पनवेल तालुक्यातील गव्हाण हे खाडीकाठचे गाव. एके काळी भातखाचरे आणि मासेमारी हीच येथील उपजीविकेची साधने होती. १९७० साली सिडकोची स्थापना झाली व नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादण्यात आल्या. तेव्हापासून या पट्ट्यातील शेती आक्रसत गेली. आता गव्हाणला रेल्वेचे स्थानकही झाले आहे. घर आहे, ओटी आहे, मागची पडवी आहे. परंतु नांगर धरावयास शेत नाही, अशी स्थिती अनेक कुटुंबांची झालेली दिसते.

अशाच एका घरी मागील पावसाळ्यापूर्वी बसलो असता त्या घरच्या आजींनी विचारले की, साहेब, शेत गेले तरी हाताची सवय जात नाही. या पडवीत काही लावता येईल काय? त्यांच्या नातवाने बाजारातून फुललेली एक ऑर्किडची कुंडी आणली होती. फुले गळाल्यावर ती तशीच कोपऱ्यात सुकत पडली होती. आजींचा प्रश्न व ती कुंडी यांवरूनच हा लेख लिहावयास घेतला.

ऑर्किडला मराठीत आमरी हे नाव आहे. आपल्या डोंगरांना ही वनस्पती मुळीच परकी नाही. आंबा, ऐन, उंबर अशा झाडांच्या फांद्यांवर ज्येष्ठाच्या सुमारास गुलाबी ठिपक्यांचे लोंबते तुरे दिसतात, ती सीतेची वेणी आमरीच होय. फादर सान्तापाऊ व कापडिया या दोघा अभ्यासकांनी मुंबई इलाख्यातील आमरींचे वर्णन करणारा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९६६ साली प्रसिद्ध झाला. गावात पुष्कळांची समजूत अशी की, झाडावर वाढते ते सर्व बांडगूळच. ही समजूत चुकीची आहे. बांडगूळ यजमान झाडाच्या अंगात मुळे घुसवून त्याचा रस शोषते. आमरी फांदीचा केवळ आधार घेते. तिचे पाणी पावसाचे व दवाचे आणि अन्न सालीवर साठलेल्या पालापाचोळ्याचे.

या एका गोष्टीत तिच्या जोपासनेचे सारे मर्म आहे. फांदीवरील मूळ पावसात चिंब भिजते आणि पाऊस थांबताच वाऱ्याने सुकते. त्या मुळावर पांढरट, स्पंजासारखे वेष्टन असते. ते पाणी झटपट शोषून घेते. कोरडे असताना मूळ रुपेरी दिसते व ओले झाले की हिरवट होते. तेव्हा पाणी केव्हा द्यावे हे दिनदर्शिकेला विचारू नये, मुळाला विचारावे. मूळ रुपेरी झाले की पाणी द्यावे. हिरवे असेल तर थांबावे.

मी स्वतः नोकरीच्या आरंभी हे जाणत नव्हतो. उष्ण प्रदेशातील झाड म्हणजे उष्ण, बंद व ओलसर जागा हवी, असा विचार करून सहा रोपे न्हाणीघराच्या बंद खिडकीत ठेवली व रोज सकाळ-संध्याकाळ भिजविली. श्रावण संपण्यापूर्वी सहाही कुजली. पुढे वाचनात आले की, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज बागाईतदारांनीही हेच केले होते. पूर्वेकडून जहाजे भरभरून आणलेल्या आमरी त्यांनी कोंदट, तापविलेल्या काचघरांत ठेवल्या आणि त्या हजारोंनी मेल्या. १८३०च्या दशकात जोसेफ पॅक्सटनसारख्या माळ्यांनी काचघराची झडपे उघडून हवा खेळती केली, तेव्हा कोठे झाडे जगू लागली. दमट हवा आणि कोंदट हवा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता गव्हाणच्या घराचा विचार करू. डेंड्रोबियम या जातीस दिवसा २४ ते ३२ अंश सेल्सिअस व रात्री १८ अंशांच्या वर उष्णतामान मानवते. आपल्याकडे बहुतेक महिने ते आपोआप मिळते. विलायतेत ज्या उबेसाठी कोळसा जाळावा लागे, ती येथे फुकट आहे. जानेवारीतील काही रात्री पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो. त्या दिवसांत पाणी सकाळीच द्यावे व संध्याकाळी पाने ओली राहू देऊ नयेत, एवढे पुरते. खरा त्रास मार्च ते मे या काळातील दुपारचा. पत्र्याचे छप्पर असेल तर त्याखाली झावळ्यांचा थर द्यावा. पान हातास गरम लागले तर झाड त्या जागी नको, हे समजावे.

प्रकाशाबाबत घरात वाढविणारे हमखास चुकतात. दिवाणखान्यातील कपाटावर आमरी जगेल, पण फुलणार नाही. पूर्वेची खिडकी किंवा उघडी पडवी उत्तम. पडवीवर ऊन थेट येत असल्यास ५० टक्के सावलीची जाळी बांधावी. पाने गडद हिरवी व लांबट होऊ लागली तर प्रकाश कमी पडतो. पिवळट व आखूड झाली तर जास्त होतो.

दमटपणा ६० ते ८० टक्के असावा. तो मोजण्यास महाग यंत्र लागत नाही. दोन साधे तापमापक शेजारी टांगावेत व एकाच्या फुग्यास ओली वात गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. कोरडा तापमापक ३२ अंश व ओला २७ दाखवीत असेल, तर हवेत सुमारे ६८ टक्के दमटपणा आहे. ओला २४ पर्यंत उतरला, तर तो ५१ टक्क्यांवर आला असे समजावे; मग काही उपाय केला पाहिजे. पसरट परातीत खडी घालून पाणी ओतावे व कुंडी खडीवर, पाण्याला तळ न टेकेल अशी, ठेवावी. पडवीची जमीन दुपारी शिंपावी. कुंड्या एकमेकींजवळ ठेवल्यानेही फरक पडतो. वातानुकूलित खोली मात्र टाळावी. तेथील हवा फार कोरडी असते.

पाण्याच्या प्रतीबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण खाडीकाठच्या गावांत झाड मरते ते बहुधा येथेच. उन्हाळ्यात खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. माणसास ते जेमतेम चालते, भाजीसही कदाचित चालेल. आमरीस चालत नाही. तिच्या कुंडीत माती नसते, त्यामुळे क्षार थेट मुळावर बसतात. मुळांची टोके काळी पडणे व कुंडीच्या कडेस पांढरा थर धरणे ही त्याची खूण. आजींच्या घरच्या कुंडीत दोन्ही खुणा होत्या. पाण्याची विद्युत्‌वाहकता प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी. ती मीटरला ०.५ डेसिसायमनपेक्षा कमी असावी.

यावर उपाय आपल्या छपरावरच पडतो. या भागात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस होतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. या हिशेबाने दहा चौरस मीटरांच्या पडवीवर पंचवीस हजार लिटर पाणी पडून वाहून जाते. वीस कुंड्यांस दररोज प्रत्येकी पाव लिटर धरले तर पाच लिटर होतात, आणि ऑक्टोबर ते मे या सुमारे २४० दिवसांस १,२०० लिटर लागतात. दोनशे लिटरांची सहा पिंपे भरून ठेवली की काम भागले. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे व पिंपांची तोंडे डास शिरणार नाहीत अशी कापडाने घट्ट बांधावीत. नळाचे पाणी असेल तर ते रात्रभर उघडे ठेवून वापरण्यास हरकत नाही.

कुंडीत विटांचे तुकडे, लोणारी कोळसा व नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. सोडण आधी दोन-तीन वेळा पाणी बदलून भिजवावे, म्हणजे त्यातील क्षार निघून जातात. कुंडीस बाजूने भोके असणे आवश्यक आहे. नवीन कोंब वाढत असताना आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरभर पाण्यात एक ग्रॅम या प्रमाणात द्यावे. अधिक खताने अधिक फुले येत नाहीत. पाने झडलेल्या जुन्या कांड्या वाळल्या समजून छाटण्याचा मोह होतो, तो आवरावा. त्यांत पाणी व अन्न साठलेले असते आणि कित्येकदा त्यांवरही तुरा येतो.

पावसाळ्यात शत्रू म्हणजे कूज. कुंड्या सरळ पावसात ठेवू नयेत. पानावर पाणचट काळा डाग दिसताच तो भाग निरोगी पेशींपर्यंत कापून टाकावा व काही दिवस पाणी तोडावे. चाकू प्रत्येक झाडानंतर ज्योतीवर धरावा. विषाणुरोग चाकूनेच पसरतात. गोगलगाई रात्री बत्ती घेऊन वेचाव्यात, खवले किडे जुन्या दातांच्या ब्रशाने व साबणाच्या पाण्याने काढावेत.

रोपे कोणती घ्यावीत? बाजारात सर्वांत देखणी दिसते ती फुलपाखरासारख्या फुलांची फॅलिनॉप्सिस. आजींच्या नातवाने आणलेली तीच होती. तिला तुरा धरण्यासाठी काही आठवडे आपल्यापेक्षा थंड हवा लागते. येथे ती एकदा विकत घेतलेली फुले दाखविते आणि पुढे बहुधा नुसती पानेच. पनवेलच्या हवेस डेंड्रोबियम, विशेषतः ‘सोनिया’ हा वाण, पुष्कळ अधिक मानवतो. आमरीचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात साठविलेले अन्न नसते. १९२२ साली लुईस नडसन यांनी साखरयुक्त माध्यमावर ते रुजवून दाखविले आणि १९६० साली जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या ऊतीपासून रोपे केली, म्हणून आज एकाच वाणाची हजारो रोपे मिळू शकतात. अगदी लहान रोपास फुलावयास दोन-तीन वर्षे लागतात. नवशिक्याने वाढलेली रोपे घ्यावीत.

कर्नाळ्याचा डोंगर जवळ आहे म्हणून तेथील आमरी उपटून आणण्याचा विचार कोणी करू नये. ते अभयारण्य आहे व १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तेथील झाडाला हात लावणे गुन्हा ठरतो. शिवाय जंगलातून ओरबाडलेले झाड मुळे तुटल्याने घरी क्वचितच तगते.

उत्पन्नाबद्दल गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी भडक आशा दाखवू नये. मोठे जाळीघर उभारून कर्ज काढण्याची योजना घेऊन कोणी आला, तर त्यास प्रथम दहा कुंड्या एक पावसाळा व एक उन्हाळा सांभाळावयास सांगावे. त्या जगल्या व फुलल्या, तरच पुढचा हिशेब मांडावा आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला घ्यावा. तुऱ्यातील सुमारे तीन-चतुर्थांश फुले उमलल्यावर तो सकाळी कापावा व लगेच पाण्यात ठेवावा.

आजींनी दहा कुंड्या घेतल्या. दोन पहिल्याच पावसात कुजल्या, कारण पागोळ्या त्यांवर पडत होत्या. उरलेल्या आठ भिंतीकडे सरकविल्या. यंदा मार्गशीर्षात तिघींना तुरे आले. मी गेलो तेव्हा आजी पिंपातील पाणी तांब्याने घालीत होत्या. एका कुंडीपाशी त्या थांबल्या, मूळ न्याहाळले आणि तिला तशीच सोडून पुढच्या कुंडीकडे वळल्या.