उभ्या विमानाची ढाल : माती, शेण आणि जुने टायर

मंद्रूपच्या ज्वारीच्या शिवारात जाणता शेतकरी कडब्याच्या गंज्या एकमेकींना चिकटवून रचत नाही. एकीवर ठिणगी पडली तरी दुसरी वाचावी, हा साधा हिशेब. लढाऊ विमाने उभी करतानाही हाच हिशेब लागतो. विमानाचा पत्रा पातळ, पोटात इंधन, पंखाखाली बॉम्ब. जवळ फुटलेल्या बॉम्बची एक कपचीही त्याला पेटवायला पुरते.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरला अमेरिकनांची विमाने पंखाला पंख लावून उभी होती. घातपात्यांपासून पहारा सोपा जावा म्हणून! जपानी वैमानिकांना ती रांगेतच सापडली. आपल्याला हा धडा सप्टेंबर १९६५ मध्ये मिळाला. ६ तारखेला पठाणकोटला नवी कोरी मिग-२१ विमाने जमिनीवरच गेली, आणि ७ तारखेला बंगालमधील कलाईकुंडा तळावर उघड्यावरची कॅनबेरा आणि व्हॅम्पायर जळाली.

मग तळांवर ‘ब्लास्ट पेन’ वाढले. तिन्ही बाजूंनी मातीचा जाड बांध, पुढे विमान बाहेर काढण्यापुरती वाट. बॉम्बच्या कपच्या बहुतेक आडव्या उडतात आणि माती त्या गिळून टाकते. शेजारचे विमान पेटले तरी आग बांधापलीकडे सहसा जात नाही. नेम थेट आत बसला तर मात्र बांधाचा उपयोग नाही, म्हणून पुढे वर काँक्रीटचे छत आणि छतावर पुन्हा मातीच. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या तळांवर अचानक हल्ला केला, तेव्हा धावपट्ट्यांना खड्डे पडले, विमाने मात्र जवळजवळ सगळी सुखरूप राहिली. माझ्या मते त्या युद्धातल्या हवाई यशाचे थोडे श्रेय या मातीच्या ढिगाऱ्यांना द्यायला हवे.

लपवण्याची कला याच्या जोडीला होतीच. आग्र्याला चांदण्यात चमकणारा ताजमहालसुद्धा झाकला गेला. भूजची धावपट्टी बॉम्बनी उखडली, तेव्हा तळप्रमुख स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक यांनी शेजारच्या माधापर गावाला हाक दिली. सुमारे ३०० बायका आल्या. त्यांनी ७२ तासांत पट्टी दुरुस्त केली, वरून दिसू नये म्हणून तिच्यावर शेण सारवले आणि भोंगा वाजला की हिरव्या साड्यांत झुडपांआड दडल्या.

अलीकडचा जुगाड रशियाचा. २०२३ च्या उपग्रहचित्रांत एंगल्स तळावरच्या तुपोलेव्ह-९५ बॉम्बर विमानांच्या पंखांवर मोटारींचे टायर रचलेले दिसले. लोक हसले. पण काही क्षेपणास्त्रे लक्ष्याचे चित्र साठवलेल्या चित्राशी ताडून पाहतात. टायरांमुळे विमानाची आकृती मोडते आणि ओळख चुकू शकते. १ जून २०२५ रोजी युक्रेनने रशियात खोलवर ट्रकमधून ड्रोन सोडले, तेव्हा त्यांच्या चित्रफितींत टायर लादलेली विमानेही दिसली. त्या ड्रोनमागे माणसाची नजर होती. तिला टायरांखालचे विमान ओळखणे अवघड गेले नाही.